सातवी बरगडी

वकिली करणाऱ्या माणसास एक खोड हळूहळू जडते. कोठे काही बिघडले की काय बिघडले हे पाहण्यापूर्वी ते कोणी बिघडवले हे तो पाहू लागतो. घरातला दिवा गेला तर वायरमन, आमटी खारट झाली तर मिठाचा डबा जागचा हलवणारा, आणि पाऊस लांबला तर निदान पंचांगकर्ता तरी त्याच्या डोळ्यांपुढे प्रतिवादी म्हणून उभा राहतो. वीस-बावीस वर्षांच्या वकिलीत ही खोड आमच्या अंगी इतकी मुरली की तिला आम्ही गुणच समजत आलो. तो समज एका लाकडी जहाजाने मोडला. जहाज तरी केवढे? या टोकापासून त्या टोकापर्यंत अडुसष्ट सेंटिमीटर. त्याचीच ही हकिकत आहे.

२०२४ च्या चवथीला आमचा पुतण्या कॅनडातून आला. तो हॅलिफॅक्स येथे शिकतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, नोकरीच्या निमित्ताने वडोदऱ्यास गेले आणि तेथलेच झाले. दादा आणि आम्ही यांच्यात त्या वेळी आठ वर्षे बोलणे नव्हते. कारण पुढे येईलच. मुलगा मात्र या भांडणास जुमानीत नसे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी गणपतीपुढे तो आपल्या वडिलांच्या जागी उभा राही, आरती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी काकूच्या हातची पातोळी खाऊन पुढल्या विमानाने निघून जाई. या खेपेस त्याने आमच्या हातात एक लांबट खोके ठेवले. म्हणाला, ‘काका, हे तुमच्यासाठी. पण एक सांगून ठेवतो, यात वाद घालायला दुसरा पक्षकार नाही.’

खोक्यात एका जहाजाचे सुटे भाग होते. ते जोडून, फळ्या बसवून, शिडे चढवून जहाजाची प्रतिकृती तयार करायची. जहाजाचे नाव ‘ब्लूनोझ’. हे नाव आम्ही तोवर ऐकले नव्हते. परंतु कॅनडाच्या माणसास ते सांगावे लागत नाही, कारण १९३७ पासून त्यांच्या दहा सेंटांच्या नाण्यावर शिडाचे जे जहाज दिसते ते हेच मानतात. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या लुनेनबर्ग गावी १९२१ च्या मार्चमध्ये ते पाण्यात उतरले. विल्यम रूए नावाच्या गृहस्थाने त्याचा आराखडा केला, आणि या गृहस्थाचा घरचा धंदा सोडावॉटरचा होता, हे कळल्यावर आम्हांला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली. अँगस वॉल्टर्स हा त्याचा कप्तान. मासेमारीसाठी बांधलेले हे जहाज मासेमारी करून उरलेल्या वेळात शर्यती जिंकत असे. पुढे १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आदळून ते गेले. १९६३ मध्ये त्याच गावी त्याची पूर्णाकृती प्रतिकृती बांधली गेली. ती आमच्या पुतण्याने डोळ्यांनी पाहिली होती, आणि त्याच भरात त्याने हे खोके विकत घेतले होते.

आमच्याकडची प्रतिकृती एकास चौसष्ट या प्रमाणात होती. म्हणजे मूळ जहाजाचा एक फूट आमच्या टेबलावर पावणेपाच मिलिमीटर. अशा कामात प्रथम प्लायवूडचा एक उभा कणा असतो. त्या कण्यास खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांत आडव्या बरगड्या बसवायच्या. माशाचा काटा डोळ्यांपुढे आणला म्हणजे वाचकांस कल्पना येईल. या बरगड्यांवरून लाकडाच्या बारीक लवचीक पट्ट्या नाळेपासून मागपर्यंत वाकवून नेल्या की जहाजाचे अंग तयार होते. हे सर्व भाग हल्ली लेसर किरणांनी कापलेले असतात. यंत्राने कापलेले, तेव्हा ते बिनचूक असणार, असे आम्ही धरून चाललो. यंत्राच्या बाबतीत आम्ही सुशिक्षित माणसे फार भाबडी असतो.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी आम्ही टेबल रिकामे करून खोके उघडले, आणि तासाभरात आमच्यातला वकील जागा झाला. कणा सरळ नव्हता. काचेवर ठेवला तर मधोमध चार मिलिमीटर उचललेला. काही खाचा इतक्या ढिल्या की बरगडी त्यांत डुलत राही, तर काही इतक्या घट्ट की हातोडीशिवाय ती आत जाईना. आराखड्याचा कागद मोजला तर अडुसष्टाच्या जागी साडेसदुसष्ट सेंटिमीटर भरला. आणि सातवी बरगडी तर उघडउघड वाकडी. कण्यावर बसवली की डावी बाजू बाहेर, उजवी आत, एखाद्या माणसाने एक खांदा पुढे काढून चालावे तशी.

आम्ही कागद पुढे ओढला. १९३० च्या माल विक्री कायद्याचे पंधरावे कलम मनात उभे राहिले. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. त्याच्या पाठोपाठ सोळावे कलम आले, कारण माल ज्या कामासाठी घेतला त्या कामास तो लायक असला पाहिजे. बेचाळिसावे कलम मात्र आमच्या विरुद्ध जाऊ पाहत होते. वाजवी मुदतीत हरकत न घेता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरतात, आणि खोके तर दोन महिने माळ्यावर पडून होते. दोषांचे परिशिष्ट ‘अ’ तयार होत आले तोच आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. कागद वाचून त्या म्हणाल्या, ‘अहो, भेट म्हणून आलेल्या वस्तूवर कोणी नोटीस काढते का?’ विधान कायद्याच्या दृष्टीनेही बिनतोड होते. विक्री परदेशात, खरेदीदार पुतण्या, आणि आम्ही केवळ दानग्राही. आम्ही चहा प्यालो आणि नोटीस दप्तरी दाखल करून टाकली.

आमच्या वाड्यावर एक वृद्ध मेस्त राहतात. तरुणपणी दुर्भाटच्या धक्क्याकडे त्यांनी होड्या दुरुस्त केलेल्या. पुढे दारे-खिडक्या आणि देव्हारे केले. आता डोळे मंदावल्यामुळे ओसरीवर बसून असतात. त्यांना आम्ही बोलावून आणले. खरे सांगायचे तर सल्ल्यासाठी नव्हे, साक्षीसाठी. दोष किती ढळढळीत आहेत हे जाणकाराच्या तोंडून ऐकावे, एवढीच आमची इच्छा. मेस्तांनी सातवी बरगडी हातात घेतली, अंगठा तिच्या कडेवरून फिरवला, नाकाशी नेऊन जळका वास घेतला आणि विचारले, ‘वकीलबाब, कितली चूक?’

आम्ही सांगितले की चूक फार आहे.

‘फार न्हय. कितली?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चुकांची यादी केली होती, चुका मोजल्या नव्हत्या.

मेस्तांनी कोरा कागद मागितला. त्यावर गुण्याने एक उभी रेघ काढली. बरगडीची खाच त्या रेघेवर बरोबर मधोमध ठेवून त्यांनी बारीक पेन्सिलीने बरगडीची कड कागदावर उतरवली. मग बरगडी उचलून पालथी केली, डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे, आणि त्याच रेघेवर ठेवून पुन्हा कड उतरवली. दोन आकृत्या एकमेकींवर पडल्या, पण जुळल्या नाहीत. दोन्ही अंगांना त्यांच्यात दोन मिलिमीटरांची फट राहिली. मेस्त म्हणाले, चूक दोनची नव्हे, एकाची. खाच मध्यापासून एक मिलिमीटर सरकली आहे. पालथे घातले की चूक दुप्पट दिसते, म्हणून तर पालथे घालायचे. गुण्या खरा की खोटा हेदेखील असेच पाहतात. एका बाजूने रेघ मारावी, गुण्या उलटवावा, दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा.

‘लांकूड फट उलयना, वकीलबाब. माप उलयता.’ एवढे बोलून ते उठले.

त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. एक मिलिमीटर! ज्या दोषापायी आम्ही परिशिष्ट ‘अ’ तयार केले तो नखाच्या जाडीहून थोडा अधिक भरला. क्षुल्लक गोष्टींची दखल न्याय घेत नाही असे एक लॅटिन वचन आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते, आणि १८६० च्या दंडसंहितेच्या पंचाण्णवाव्या कलमात त्याचीच छाया आहे हेही परीक्षेत लिहिले होते. पण क्षुल्लक काय हे मोजल्याशिवाय कसे कळावे, हा प्रश्न आम्हांला कोणी परीक्षेत घातला नव्हता.

यानंतर मात्र आम्ही कामाला लागलो. आमच्या अनुभवाचा उपयोग कोणास झालाच तर व्हावा म्हणून थोडे तपशील देतो.

प्रथम कणा. तो वाकला होता याचे कारण शोधायला दूर जावे लागले नाही. भाद्रपदाच्या दमट हवेत खोके माळ्यावर पडले होते, आणि लाकूड हवेतले पाणी पिऊन फुगते. लांबीच्या अंगाने ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीच्या अंगाने चांगलेच फुगते, आणि एका बाजूने अधिक फुगले की वाकते. म्हणजे त्या दोषाचा निम्मा वाटा आमच्याच माळ्याचा होता. आम्ही आतल्या बाजूवर ओले फडके फिरवले, कणा काचेवर ठेवला आणि वर ऑल इंडिया रिपोर्टरचे जुने खंड रचले. आठवड्याने तो सरळ झाला. त्या खंडांनी इतके निर्णायक काम आमच्या कार्यालयात क्वचितच केले असेल.

मग खाचा. घट्ट खाचेत बरगडी ठोकून बसवावी असा मोह होतो, आणि तो घातक असतो. प्रत्येक घट्ट बरगडी पाचरीसारखी कण्याला किंचित फाकवते. एका खाचेत ते दिसत नाही, पण सतरा खाचांचे किंचित किंचित मिळून सरळ केलेला कणा पुन्हा वाकतो. तेव्हा घट्ट खाचेला कानस लावायची. ढिल्या खाचेत उलट पातळ लाकडाची चीप घालायची. सुतार त्याला पॅकिंग म्हणतात. डिंक मात्र शेवटी. सगळे भाग आधी कोरडेच बसवून पाहायचे, गुण्या लावायचा, काढायचे, पुन्हा बसवायचे, आणि सर्व बरगड्या एकमेकींशी जुळल्या म्हणजेच डिंकाला हात घालायचा. लेसरने जळून काळी पडलेली कड आधी पॉलिश पेपरने घासावी लागते, कारण कोळशावर डिंक धरत नाही.

आराखड्याच्या कागदाने आम्हांला अधिक छळले. अडुसष्टात अर्धा सेंटिमीटर म्हणजे शेकडा पाऊणच्या आसपास, हे ऐकायला काहीच नाही. पण आम्ही काही मापे कागदावरून घेत होतो आणि काही लाकडावरून, आणि दोन्ही एकत्र आली की कोठेतरी फट पडे. मेस्तांचा निकाल सोपा होता. एकच माप राजा करावे. कण्याच्या खाचा आपसांत जुळतात ना? मग कणा राजा. कागदाचे आकार पाहावे, आकडे घेऊ नयेत.

सातव्या बरगडीस आम्ही आत गेलेल्या अंगाला एक मिलिमीटरची पट्टी चिकटवली आणि बाहेर आलेले अंग तितकेच घासले. घासताना हात थांबेना, तेव्हा मेस्तांनी ओरडून सांगितले, ‘चड घांसूं नाकात!’ लावलेली पट्टी पुन्हा काढता येते, घासलेले लाकूड परत येत नाही. मग एक लांब लवचीक पट्टी सगळ्या बरगड्यांवरून नाळेपासून मागपर्यंत टेकवून पाहिली. जेथे पट्टी टेकत नाही तेथे खळगा आणि जेथे ती टेंगूळ दाखवते तेथे उंचवटा. एकटी बरगडी बरोबर की चूक हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. शेजारणींच्या रांगेत ती कशी बसते यावरून ते ठरते.

हात काम करीत असता मन रिकामे असते, म्हणून संध्याकाळी आम्ही जहाजांविषयी वाचू लागलो. त्यात एक जहाज असे भेटले की ते आमच्या डोक्यातून जाईना. स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेले ‘वासा’. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून ते प्रथम निघाले. तेराशे मीटर गेले असेल नसेल, वाऱ्याच्या झोताने कलले, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि साऱ्या शहरादेखत ते बुडाले. चौकशी बसली. कप्तानास धरून आणले, बांधणाऱ्यांस विचारले. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन आदल्याच वर्षी वारला होता, आणि मापांना तर स्वतः राजाची मान्यता होती. मृतास शिक्षा करता येत नाही आणि राजास करायची नसते. अखेर कोणासच दोषी ठरवले नाही.

१९६१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षांनी, ते जहाज जवळजवळ अखंड वर काढले. त्यावर कारागिरांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही पट्ट्या बारा इंचांच्या स्वीडिश फुटाच्या होत्या आणि काही अकरा इंचांच्या अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या. एका जहाजावर काम करणारी माणसे दोन वेगळ्या फुटांनी मोजत होती, आणि त्याची दोन्ही अंगे सारखी नाहीत. ते बुडाले याचे मुख्य कारण हे नव्हे. वरचा भार जास्त आणि तळाचा आधार कमी, हे खरे कारण. परंतु त्या पट्ट्यांचे चित्र आमच्या मनात रुतून बसले. दोघे प्रामाणिक सुतार, दोघांच्या तोंडी ‘फूट’ हा एकच शब्द, आणि दोघांच्या हातात वेगळी लांबी. चौकशीत त्यांना कोणी विचारले असते तर दोघांनीही शपथेवर खरेच सांगितले असते.

ब्लूनोझची गोष्ट याच्या उलट. बांधणी चालू असता खलाशांना निजण्या-जेवण्यास पुढच्या भागात उंची कमी पडते म्हणून त्याची नाळ आराखड्यापेक्षा अठरा इंच उंच केली गेली. आमच्या प्रमाणात सात मिलिमीटर, सातव्या बरगडीच्या सातपट चूक! आणि या बदलामुळेच वादळी समुद्रात ते जहाज कोरडे राही असे म्हणतात. मापातला फरक एका जहाजास बाधला आणि एकास मानवला, असे म्हणून आम्ही सोडून देणार होतो. पण भेद नशिबाचा नाही. लुनेनबर्गच्या सुतारांना आपण किती फरक करतो हे ठाऊक होते.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाची बातमी होती. अजिंठ्याच्या एका चित्रावरून घडवलेले, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवलेले हे जहाज केरळच्या कारागिरांनी आपल्या गोव्यात बांधले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. बातमी वाचून दाखवताच मेस्त खूश झाले. आराखडाच नव्हता म्हणजे आराखडा चुकला म्हणायची सोय नाही, एवढाच त्यांचा अभिप्राय. मग सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, ‘आनी तुमच्या कुळागराचें कितें जालें? मेजलें?’

आता ते कारण सांगणे आले. २०१० साली वडील गेले. २०१२ साली आम्ही दोघा भावांनी घर आणि कुळागर वाटून घेतले. विहिरीकडचा भाग आमच्याकडे, ओहोळाकडचा दादांकडे. वाटणीच्या दिवशी एका परिचित गृहस्थाने फीत धरून जागा मोजली आणि कागदावर एक कच्चा नकाशा काढला. तो नकाशा दादांकडे राहिला, आणि वाटणीपत्र आमच्याकडे. २०१६ साली दादा कुंपण घालण्यास आले. नकाशाप्रमाणे विहिरीच्या काठापासून नव्याण्णव फुटांवर हद्द. आम्ही वाटणीपत्र काढले. त्यात तेहतीस मीटर. तेहतीस मीटर म्हणजे एकशे आठ फूट. मधल्या नऊ फुटांच्या पट्ट्यात अकरा पोफळी आणि एक फणस. दादा म्हणाले, तू वकील आहेस म्हणून कागद फिरवतोस. आम्ही म्हणालो, कच्च्या नकाशापेक्षा सहीचा दस्त श्रेष्ठ. दादा त्याच संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. कुंपणाचे खांब अजून गोठ्यात पडून आहेत.

आठ वर्षे आम्ही हा दावा मनात लढलो आणि दर वेळी जिंकलो. मोजायला मात्र एकदाही गेलो नव्हतो. आमचा कागद पक्का होता, मग मोजायचे कशाला? त्या दिवशी आम्ही प्रथमच हे प्रकरण पालथे घातले. वाटणीपत्र दादांकडे असते आणि नकाशा आमच्याकडे, तर आम्ही काय म्हटले असते? ‘सहीचा दस्त श्रेष्ठ’ हे वाक्य आमच्या तोंडून निघाले असते काय? आम्ही निश्चित म्हटले असते की नकाशा जागेवर उभे राहून काढला आहे आणि दस्त नंतर टेबलावर लिहिला आहे. हा युक्तिवाद सुचायला आम्हांला अर्धे मिनिटही लागले नाही, आणि आठ वर्षे तो सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फीत घेऊन आम्ही आणि मेस्त कुळागरात उतरलो. विहिरीच्या काठावर त्यांनी फितीचे टोक धरले. आम्ही पोफळींतून वाट काढीत गेलो. नव्याण्णव फुटांवर पाचोळा होता. तो बाजूला सारला, कोयत्याच्या टोकाने माती उकरली. टोक खणकन् वाजले. वीतभर खाली चिऱ्याचा घडीव दगड निघाला. वाटणीच्या दिवशी हद्दीचा दगड पुरला होता हे आम्हांला तेव्हा आठवले. पुरताना आम्ही तेथे उभे होतो. पुढे एकशे आठ फुटांवरही आम्ही उकरून पाहिले. तेथे फणसाच्या मुळांखेरीज काही नव्हते.

म्हणजे त्या दिवशी मोजणी फुटांत झाली होती. दस्तात मीटर हवे म्हणून कोणीतरी नव्याण्णवाला तिनाने भागले आणि तेहतीस लिहिले. एक मीटर म्हणजे तीन फूट, असा तो हिशेब. वरचे तीन इंच आणि काही दोरे त्याने सोडून दिले. आणि तो मसुदा कोणी केला होता? बाहेरच्या वकिलास फी कशाला द्यावी म्हणून तो आम्हीच केला होता. अक्षर आमचे, भागाकार आमचा. ज्या खोक्याच्या अज्ञात कारागिरावर आम्ही नोटीस काढायला निघालो होतो, त्याने एक मिलिमीटर चुकवला होता. आम्ही पावणेतीन मीटर चुकवले, आणि वर सख्ख्या भावास लबाड ठरवले.

आम्ही दगडापाशी बसून राहिलो. मेस्त फीत गुंडाळत होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे आमच्यावर उपकारच.

कायद्यात अशा चुकीवर उपाय आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे सव्विसावे कलम सांगते की उभयतांच्या सामायिक चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल तर दस्त दुरुस्त करून घेता येतो. उभयतां राजी असतील तर कोर्टात जाण्याचेही कारण नाही, दुरुस्तीपत्र पुरते. आम्ही त्या रात्री दुरुस्तीपत्राचा मसुदा लिहिला. ‘उभयतांच्या नजरचुकीने’ असे शब्द सवयीने उतरले. ते खोडले आणि ‘मसुदा करणाऱ्याच्या चुकीने’ असे घातले. कलमाच्या शब्दांत ते नीट बसत नाही हे आम्हांला कळत होते. तरी तसेच ठेवले. सोबत दादांना पत्र लिहिले. युक्तिवाद एकही नाही. दगड कोठे सापडला, किती फुटांवर, किती खोल, एवढेच. शेवटी एक ओळ, की आठ वर्षांच्या पोफळांचा हिशेब मी काढून ठेवला आहे.

तीन आठवडे उत्तर नव्हते. त्या दिवसांत आम्ही जहाजास बाहेरच्या पट्ट्या बसवल्या. एकेक पट्टी भिजवायची, वाकवायची, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि सुकेपर्यंत थांबायचे. घाई केली की पट्टी मोडते. मग वडोदऱ्याहून पाकीट आले. दुरुस्तीपत्राचा मसुदा सहीसाठी तयार म्हणून परत होता. मात्र ‘मसुदा करणाऱ्याच्या’ हे शब्द दादांनी पेन्सिलीने खोडून त्यांच्या जागी पुन्हा ‘उभयतांच्या’ लिहिले होते. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी. फीत धरायला मीही होतो, मलाही मीटर ठाऊक होता. आणि पोरगा सांगतो की तू जहाज बांधतोस, त्याला शीड लागले काय?

२७ ऑगस्ट २०२५ रोजी चवथ होती. दादा आदल्या संध्याकाळी आले. नऊ वर्षांनी ओसरीची पायरी चढताना त्यांनी सवयीने डोके वाकवले, आमच्या चौकटीस ते लागते म्हणून. माटोळी बांधून झाल्यावर ते आमच्या टेबलापाशी आले. जहाज अंगाने पुरे झाले होते, डोलकाठ्या उभ्या होत्या, शीड लागायचे होते. त्यांनी ते उचलून कुशीवर हात फिरवला आणि विचारले, ‘वाकडी बरगडी ती कुठली?’

आम्ही दाखवू गेलो, पण बाहेरून ती आम्हांलाही नेमकी सापडली नाही. शेवटी पुढच्या टोकापासून मोजत गेलो. दादाही बरोबर मोजू लागले.